लाल ज्वारीचा कोंडा

सोड्याच्या पाण्यातून तिसऱ्यांदा पिळून काढलं तरी मलमलचं कापड गुलाबीच राहिलं, तेव्हा भुजंगमामांनी नळ बंद केला आणि कापड खिडकीशी उजेडात धरलं.

लाल ज्वारीचा रंग त्यांना पाठ होता. कोंडा सोड्यात उकळला की पाणी चहाच्या चोथ्यासारखं काळपट होतं, आम्ल टाकलं की विटकरी, आणि गाळताना कापडाला जे लागतं ते दोन पाण्यांत निघून जातं. एकोणतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर म्हणून काढलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. हा रंग विटकरी नव्हता. लग्नातल्या साडीचा असतो तसा राणी रंग होता आणि सुताच्या आत शिरून बसला होता.

मामांनी आपले हात पाहिले. काल दिवसभर त्यांनी तोच कोंडा चाळला होता, भिजवला होता. नखांच्या कडा आणि बोटांच्या पेरांवरच्या रेषा गुलाबी दिसत होत्या. सकाळी अंघोळीला साबण लावूनही त्या तशाच होत्या, पण तेव्हा त्यांचं लक्ष गेलं नव्हतं.

असा हात त्यांनी लहानपणी दर वर्षी पाहिला होता. मृगात बियाण्याची पिशवी फोडून वडील तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून बी सोडायचे आणि दुपारपर्यंत त्यांचा पंजा असा व्हायचा. पेरणीच्या दिवशी आई बियाण्याला शिवत नसे. न्याहारीला भाकरी मोडून नवऱ्याच्या तोंडात घास घालायचं काम तिचं असायचं. त्या हातानं खायचं न्हाई, विष हाय त्याच्यात, एवढंच ती पोरांना सांगायची.

घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. साठ लाडू साडेसातलाच मुखेडला निघून गेले होते.

नांदेडच्या त्या महाविद्यालयात अन्नशास्त्र विभाग छोटा. विभागप्रमुख आलोक सर, तीन शिक्षक, आणि चार वर्षांपासून संशोधन करणारी मनस्विनी धर्माधिकारी. ज्वारीच्या सालीतली फिनॉलिक आम्लं हा तिचा विषय. ती आली त्या पहिल्याच महिन्यात तिनं मामांना समोर बसवून तो समजावून सांगितला होता. दाणा शेतात उभा असतो तेव्हा ऊन, दव, बुरशी, किडा सगळं त्याच्यावर येतं. त्यापासून सांभाळायला झाड सालीत ही आम्लं भरून ठेवतं. हिरडा, आवळा, बाभळीची साल तुरट लागते ती अशाच आम्लांनी. ज्वारीच्या सालीतलं मुख्य ते फेरुलिक आम्ल. ते सोडवून घेऊन स्टार्चच्या खळीत मिसळलं आणि काचेवर पातळ पसरून वाळवलं, की चिवट कागद तयार होतो. तो खाता येतो. त्यात गुंडाळलेला शेंगदाण्याचा लाडू दीड महिना खवट होत नाही आणि त्याला बुरशी धरत नाही. पुढं याच कागदाची जखमेवर लावायची पट्टी करायची, जखम भरत आली की जी आपोआप विरून जाईल, असंही तिच्या मनात होतं.

मामांना हे ऐकताना बरं वाटायचं. जो कोंडा म्हशीपुढं टाकतात त्यात एवढं काही असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. घरी बायकोला ते हे सगळं सांगत, आणि 'आम्ही कागद करून राहिलो' असं म्हणत.

चवीच्या चाचणीसाठी मुखेडच्या बचत गटाचं नाव त्यांनीच सुचवलं होतं. गटाची अध्यक्ष केवळाबाई ही त्यांची थोरली बहीण. लाडू गटाच्या बायांनी करून पाठवले, प्रयोगशाळेत ते कागदात गुंडाळले, आणि आज दुपारी गटाच्याच साठ बाया ते कागदासकट खाऊन चव कशी वाटते ते सांगणार होत्या. तालुक्याचे अधिकारी येणार होते. आलोक सर आणि मनस्विनी त्यासाठीच गाडीनं पुढं गेले होते.

या चाचणीला मंजुरी मिळाली होती ती जुन्या कोंड्यावर. त्याची सगळी तपासणी झालेली होती. तो कोंडा संपला आणि आठ दिवसांपूर्वी नवा आला. तो लातूरहून आला, संगप्पाच्या गिरणीतून. दहा वर्षं संगप्पाच ज्वारी पाठवायचा, पण पाठवायचा ती अख्खी. मामा ती परातीत पसरायचे, खडा, काडी, किडका दाणा वेगळा काढायचे आणि मग विभागातल्या यंत्रावर साल उतरवायचे. यंदा मामांचा उजवा खांदा धरला होता. यंत्राचा दांडा फिरवताना डोळ्यांत पाणी यायचं. संगप्पाला फोनवर हे कळलं तेव्हा तो म्हणाला होता, मीच सोलून पाठवतो, तुम्ही कशाला तरास घेता. शिवलेल्या पोत्यात कोंडा आला. आवक रजिस्टरमध्ये एक रकाना असतो, 'धान्य प्रत्यक्ष पाहून स्वीकारले'. मामांनी त्या रकान्यात सही केली होती. तारीख जवळ आली होती, मनस्विनी घाईत होती आणि मामांचा खांदा दुखत होता.

त्या कोंड्यातल्या आम्लाचं रीडिंग जुन्याच्या जवळजवळ दुप्पट आलं. आलोक सरांनी सगळ्यांना पेढे दिले. यंदाच्या दाण्यात दम आहे, असं ते म्हणाले, आणि पेढा घेताना मामांनाही ते खरं वाटलं होतं.

पण यंत्र काय मोजतं हे मामांना ठाऊक होतं. द्रावणात रसायनाचे थेंब टाकले की निळा रंग चढतो आणि यंत्र फक्त तो किती गडद आहे ते सांगतं. गडदपणा आम्लाचा आहे की आणखी कशाचा, हे त्याला कळत नाही.

ते उठले. शीतपेटीतून जुन्या कोंड्याच्या अर्काची बाटली काढली, नव्याची काढली. मनस्विनी करते तसे सिलिका लावलेल्या काचेच्या पट्टीवर दोन ठिपके दिले, डावीकडं जुना, उजवीकडं नवा, आणि पट्टी द्रावणाच्या बरणीत उभी केली. असे ठिपके त्यांनी या चार वर्षांत हजारांनी दिले असतील. ओलावा वर चढेपर्यंत वीस मिनिटं लागतात. एरवी ते तेवढ्यात काचसामान धुऊन घेत. आज ते बरणीसमोर उभे राहिले.

पट्टी वाळवून त्यांनी अतिनील दिव्याच्या पेटीत ठेवली आणि काळ्या पडद्याआड डोकं घातलं. डावीकडं फेरुलिक आम्लाचा निळा ठिपका नेहमीसारखा ठसठशीत चमकत होता. उजवीकडचा निळा ठिपका फिका होता, आणि त्याच्या वर भोपळ्याच्या फुलासारखा केशरी ठिपका पेटला होता. जुन्या कोंड्यात तो कुठंच नव्हता.

पेरायच्या बियाण्याला कीड-बुरशी लागू नये म्हणून गुलाबी रंगाचं औषध लावतात, ते सालीला. आणि आपण दाण्यातून घेतो ती सालच.

त्यांनी पहिला फोन संगप्पाला केला. तो आधी इकडचं तिकडचं बोलला, मग जवारी ती जवारीच की, असं म्हणाला. मामांनी केशरी ठिपक्याचं सांगितलं तेव्हा त्याला बोलावं लागलं.

"कंपनीचा जुना माल होता बघा. बियाणं. तारीख गेलेलं. पण धुतलाय की ओ, दोन पाण्यानं. वाळवून मग सोललाय. कुणाला काय व्हतंय?"

"मला सांगायला पाहिजे होतं तुम्ही."

"तुम्ही बघून घ्यायला पाहिजे होतं." संगप्पाच्या आवाजात राग नव्हता. "सही तुमचीच हाय न्हव, भुजंगराव? माझं नाव काढलं तर तुमचं निघल. गप बसा. एका लाडवानं कुणी मरत न्हाई."

फोन बंद झाल्यावर मामा स्टुलावर बसून राहिले. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. कापड जाळलं, पट्टी फोडली, तर हे कुणाला कळणार नव्हतं. एका लाडवाभोवतीचा तो कागद कितीसा? त्यात औषध कितीसं उतरलं असेल? कुणाच्या पोटात दुखेल, कुणाला मळमळेल, बाया म्हणतील ऊन लागलं. ऑगस्टच्या अखेरीस ते निवृत्त होणार होते. सात महिने राहिले होते. एकोणतीस वर्षांत त्यांच्या नावावर एक फुटलेलं ब्युरेट सोडून काही नव्हतं.

असं ते किती वेळ बसले होते, ते त्यांना नंतर आठवलं नाही. फार नसावं.

मनस्विनीचा फोन लागत नव्हता. आलोक सरांनी उचलला, गाडीतूनच. मामांनी सगळं सांगितलं, कापड, हात, ठिपका. संगप्पा काय म्हणाला तेही सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. मग ते शांतपणे म्हणाले की लाल ज्वारीत नैसर्गिक रंगद्रव्यं असतातच, हंगामाप्रमाणं बदलतात, आणि व्यापारी माणूस फोनवर काहीही बोलतो. अधिकाऱ्यांना वेळ दिली आहे, आता मागं फिरता येत नाही. मामा पुन्हा बोलू लागले तेव्हा सरांचा आवाज बदलला.

"मामा, तुमचं काम धुण्याचं आहे. तेवढं करा."

त्यानंतर त्यांनी बहिणीला फोन लावला. तो तिच्या सुनेनं, आरतीनं उचलला. आत्याबाई मोबाईल घरीच विसरून हॉलवर गेल्या, असं ती म्हणाली. मामांच्या तोंडून निघालं, "तिला सांग, लाडू खाऊ नको म्हणावं." आणि ते थांबले. साठ बायांतली एक त्यांची होती. "कुणालाच खाऊ देऊ नको म्हणावं," ते म्हणाले. "जा बाई, आत्ताच जा." आरतीनं हाव म्हटलं, पण ती घरात नवी होती. सायबांच्या कार्यक्रमात जाऊन असं काही ती बोलेल, आणि बोललीच तर कुणी ऐकेल, याची मामांना खात्री वाटली नाही.

त्यांनी पट्टी एका काचेच्या डबीत ठेवली, कापड पिशवीत कोंबलं, प्रयोगशाळेला कुलूप लावून किल्ली कार्यालयात दिली आणि मोटारसायकल काढली. सव्वादहा वाजले होते.

मुखेड पाऊणशे किलोमीटर. जानेवारीचं वारं तोंडावर येत होतं आणि धरलेला खांदा हँडलवर हात ठेवू देत नव्हता. त्यांनी उजवा कोपर पोटाशी दाबून धरला. शेतांत तुरीच्या काड्या गोळा करून ठेवल्या होत्या. हरभरा घाट्यावर आला होता. गाडी कधी इतकी जोरात चालवली नव्हती. प्रत्येक गावाच्या पाटीला ते घड्याळ बघत. कार्यक्रम बाराला. पण अधिकारी बोलणार, सर बोलणार, हार-नारळ होणार, म्हणजे खाण्याची वेळ साडेबाराच्या आसपास, असा हिशेब ते मनात करत होते. कंधारच्या अलीकडं रस्त्याचं काम चाललं होतं आणि एका बाजूनं वाहनं सोडत होते. ट्रकांची रांग लागलेली. मामांनी गाडी खाली घातली आणि मुरमातून, खडीच्या ढिगांमधून नेली. एका ठिकाणी पाय टेकवावा लागला. खांद्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढं अंधारी आली. ते तसेच पुढं गेले.

मुखेडला त्या दिवशी बाजार होता. गर्दीतून गाडी ढकलत ते मंगल कार्यालयापाशी पोहोचले, तेव्हा साडेबाराला पाच मिनिटं कमी होती. आतून माईकचा आवाज येत होता, आलोक सरांचाच. दारात आरती उभी होती, पदर तोंडाशी धरून. मी सांगितलं, असं ती हळूच म्हणाली, त्या म्हणल्या मामा उगं घाबरट हाय.

आत साठ बाया सतरंजीवर ओळीनं बसल्या होत्या. प्रत्येकीपुढं कागदी ताटली, ताटलीत गुलाबी कागदातला लाडू. रंग सगळ्यांना आवडला होता. मनस्विनी कडेला उभी राहून प्रश्नावलीचे कागद वाटत होती. मामा तिच्याजवळ गेले आणि डबी तिच्या हातात दिली. साध्या उजेडातही उजवीकडचा ठिपका गुलाबी दिसत होता.

"कुठला नमुना?" तिनं विचारलं.

"डावा जुना. उजवा नव्या कोंड्याचा. यूव्हीत हा केशरी चमकतो, मॅडम. संगप्पा कबूल झाला. बियाणं हाय ते, औषध लावलेलं."

तिनं पट्टी डोळ्यांशी नेली. तिला समजवावं लागलं नाही. दुप्पट रीडिंग कुठून आलं हे तिला त्या क्षणी कळलं होतं. चार वर्षं ज्या आकड्याची वाट पाहिली तो आकडा रंगाचा होता. तिनं व्यासपीठाकडं पाहिलं आणि पट्टी पुन्हा उजेडात धरली. सर माईकवर म्हणाले की आता सुरुवात करायला हरकत नाही. हात ताटल्यांकडं गेले.

मामा ओळींच्या मधून पुढं गेले. "खाऊ नका," ते म्हणाले, पण इतक्या साध्या आवाजात की पुढच्या चार बायांनीच ऐकलं. पहिल्या ओळीत केवळाबाई बसली होती, नवं लुगडं नेसून. लाडू तिच्या ओठांपाशी गेला होता. मामांनी वाकून तिच्या हातातून तो काढून घेतला.

"अक्का, ठेव. कुणीच खाऊ नका." आता हॉल शांत झाला होता. "ह्या कागदात बियाण्याचं औषध उतरलंय. कोंडा मी घेतला. न बघता सही केली. चूक माझी हाय."

बियाण्याचं औषध म्हणजे काय ते त्या हॉलमध्ये कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. ताटल्या खाली गेल्या. काही जणींनी हात लुगड्याला पुसले, आणि मग लुगड्याकडं बघत राहिल्या. आलोक सर व्यासपीठावरून उतरून आले. दात आवळून त्यांनी विचारलं की पुरावा काय, आणि हे बोलायची जागा आहे का. तेव्हा मनस्विनी पुढं आली.

"सर, मी पट्टी पाहिली. मामा बरोबर आहेत. रीडिंग चुकीचं होतं. ते मला कळायला पाहिजे होतं."

मग मागच्या ओळीतून एक म्हातारी बाई हात वर करून म्हणाली, "मी तर कवाच खाल्ला."

तिचं नाव कोंडाबाई. सत्तरीची होती, सकाळी चार कोसांवरून उपाशी आली होती, आणि भाषणं चालली असताना भूक लागली म्हणून तिनं लाडू खाऊन टाकला होता. ती हसत होती. बाकी कुणी हसलं नाही.

तिला विभागाच्या गाडीतून ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टर तरुण होते. औषध कुठलं ते सांगा, म्हणजे उपाय करता येईल, असं ते म्हणाले. मामांनी संगप्पाला फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला तर बंद लागला. मामा व्हरांड्यात फोन कानाला लावून उभे राहिले आणि आत कोंडाबाईला एक उलटी झाली.

मग केवळाबाईनं आरतीला घरी पिटाळलं. पेरणीनंतर बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या ती फेकत नसे, त्यांवर दाळ वाळवत नसे, कोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवी. शेजारणींनीही आपापल्या आणल्या. सात-आठ पिशव्या डॉक्टरांच्या टेबलावर आल्या. निरनिराळ्या कंपन्यांच्या, पण त्यांवर छापलेली औषधांची नावं फिरून फिरून तीच दोन. डॉक्टरांनी ती वाचली, कुठं तरी फोन केला, सलाईन लावलं. दर अर्ध्या तासानं येऊन ते म्हातारीची नाडी आणि डोळे बघत. प्रमाण थोडंच असणार, असं ते म्हणाले. पण वय आहे, संध्याकाळपर्यंत थांबू.

मामा खाटेशेजारी स्टुलावर बसले. कोंडाबाई झोपेत मधूनच पाय आखडायची आणि प्रत्येक वेळी मामा उठून तिच्या तोंडाकडं बघायचे. पलीकडं मनस्विनी भिंतीला टेकून उभी होती. तिला दोनदा कुणी खुर्ची दिली, ती बसली नाही. मामांच्या मनात काय काय येत होतं ते त्यांनी पुढं कुणालाच सांगितलं नाही. बायकोला एवढंच म्हणाले की त्या चार तासांत मला माझी सही डोळ्यांपुढून हलंना.

पावणेसहाला कोंडाबाईनं डोळे उघडून चहा मागितला. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि आता काळजी नाही, असं सांगितलं. मामा बाहेर आले, नळावर गेले आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले.

केवळाबाई व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. ते तिच्याजवळ जाऊन बसले. ती समोर बघत बोलली.

"आठ दिवस घरोघर फिरले मी. माझ्या भावाचं काम हाय, डोळे झाकून या म्हणलं बायांला. उद्यापासून मला कोण इचारल?"

मामा नखांच्या गुलाबी कडा अंगठ्यानं घासत राहिले.

"तू आलास ते बरं केलं," ती म्हणाली. पण तिचा आवाज मऊ नव्हता. मामा मुखेडला आले आणि बहिणीच्या घरी जेवले नाहीत असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी तिनं जेवून जा म्हटलं नाही. मामा गाडीला किक मारून निघाले तेव्हा ती पायरीवरच होती.

चौकशी दीड महिना चालली. मंजूर नसलेला कोंडा चाचणीला का वापरला, याचं उत्तर आलोक सरांना द्यावं लागलं. सरांच्या अहवालाच्या पहिल्याच पानावर आवक रजिस्टरच्या त्या रकान्याची प्रत होती. कार्यालयातल्या कारकुनानं मामांना सुचवलं की जबाबात 'वरिष्ठांच्या घाईमुळे' असं लिहा, म्हणजे भार निम्मा होईल. मामांनी लिहिलं की धान्य पाहणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. संगप्पाच्या गिरणीवर अन्न खात्याची माणसं गेली, नमुने नेले. पुढं काय झालं ते मामांना कळलं नाही. संगप्पाचा फोन पुन्हा आला नाही. मनस्विनीनं त्या आठ दिवसांचे सगळे आकडे खोडले आणि प्रबंध एक वर्ष पुढं ढकलला. सर तिच्याशी कामापुरतं बोलू लागले.

मामांना लेखी ताकीद मिळाली आणि निवृत्तीपर्यंत प्रयोगशाळेऐवजी ग्रंथालयात काम करण्याचा आदेश निघाला. ग्रंथालयाच्या दाराशी मुलांच्या पिशव्या ठेवून घेऊन बिल्ले द्यायचे, एवढंच काम होतं. पहिले काही दिवस सकाळी त्यांची पावलं सवयीनं प्रयोगशाळेच्या जिन्याकडं वळत. मग वळेनाशी झाली. खांद्याला मात्र आराम पडला.

जूनमध्ये एका दुपारी ते बिल्ले ओवत बसले होते. परीक्षा जवळ आलेली, टेबलापुढं मुलांची रांग होती. तिकडून मनस्विनी आली, दोन्ही हातांत स्टीलची परात घेऊन. रांगेतल्या मुलांनी तिला वाट दिली. तिनं परात मामांच्या पुढ्यात टेबलावर ठेवली. परातीत लाल ज्वारी होती, अख्खी, चार-पाच ओंजळी असेल. नव्या शेतकऱ्याकडून आली आहे, एवढंच ती म्हणाली. ज्वारी पाहायला प्रयोगशाळेत शिक्षक होते, नवा परिचर होता, तपासणीचा कागद बाहेरून येणार होता. त्यातलं काही ती बोलली नाही. परात ठेवून ती टेबलाच्या कडेला उभी राहिली.

मामांनी बिल्ल्यांची दोरी बाजूला ठेवली. खिशातून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि घातला. मग दाणे तळव्यानं हळूहळू पसरून परात खिडकीच्या बाजूला वळवली आणि कडेपासून एकेक दाणा बोटानं सरकवत पाहायला सुरुवात केली. मनस्विनीनं हात मागं बांधले होते. रांगेतली मुलं आपापल्या पिशव्या खांद्यावर घेऊन थांबली होती, आणि मामांनी एकदाही वर पाहिलं नाही.